दार्जिलिंगचा न्यूट ‘व्हेरुकोसस’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दार्जिलिंगच्या सहलीवर आलेल्या लेखासोबत जोरपोखरीच्या तळ्याकाठच्या एका तपकिरी, खडबडीत प्राण्याचा फोटो होता. खाली ओळ होती : ‘भारतातील एकमेव सॅलमँडर, टायलोटोट्रायटॉन व्हेरुकोसस’. या ओळीत ‘एकमेव’ही चूक आहे आणि ‘व्हेरुकोसस’ही. लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हे वाक्य अजून जसंच्या तसं छापलं जातं आणि त्यावर प्रश्नही येतात. पण हे नाव का बदललं आणि दिसायला जवळजवळ सारख्या दोन न्यूट जाती (न्यूट हा सॅलमँडरचाच एक प्रकार) वेगळ्या कशा ठरवतात, हे मराठीत फारसं कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र थोडं सविस्तर लिहीत आहोत. जागेअभावी कापावं लागलं तर शेवटची दुरुस्ती तेवढी ठेवावी.

आधी एक किरकोळ गोष्ट. लेखात या प्राण्याला ‘पाण्यातली पाल’ म्हटलं आहे. दार्जिलिंगकडचे नेपाळीभाषकही त्याला ‘पानी गोहोरो’ म्हणतात, तेव्हा त्यावर आमचं भांडण नाही. मात्र पालीच्या अंगावर खवले असतात आणि बोटांना नख्या असतात. न्यूटला दोन्ही नाहीत. तो बेडकाचा भाऊबंद, शेपटीवाला उभयचर. सह्याद्रीत बेडूक आणि देवगांडूळ भरपूर आहेत, पण शेपटीवाला उभयचर एकही नाही. त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना तो फक्त चित्रात किंवा बरणीत भेटतो.

आता नावाकडे. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे जॉन अँडरसन १८६८ साली एका ब्रिटिश मोहिमेबरोबर ब्रह्मदेशातून चीनच्या पश्चिम युनानमध्ये गेले. तिथे मिळालेल्या प्राण्यांवरून त्यांनी १८७१ मध्ये ‘टायलोटोट्रायटॉन व्हेरुकोसस’ हे नाव दिलं. व्हेरुकोसस म्हणजे चामखिळींनी भरलेला. पुढे नेपाळ, दार्जिलिंग, सिक्कीमपासून ईशान्येपर्यंत आणि त्याही पलीकडे असा तपकिरी न्यूट दिसला की त्याला तेच नाव लावायची पद्धत पडली. शंभराहून अधिक वर्षं ती चालली.

इथे नामकरणाचा एक नियम ध्यानात ठेवावा लागतो. शास्त्रीय नाव ज्या मूळ नमुन्यावरून दिलं, त्या नमुन्याशी ते कायमचं बांधलेलं असतं. प्राणी कुठे जास्त आढळतो किंवा कुठे जास्त प्रसिद्ध आहे याला किंमत नाही. अँडरसनचे नमुने युनानचे. म्हणजे हिमालयातला प्राणी वेगळा निघाला, तर ‘व्हेरुकोसस’ युनानकडे राहणार आणि नवं नाव हिमालयातल्या प्राण्याला घ्यावं लागणार. २०१५ मध्ये नेमकं तसंच झालं. पूर्व नेपाळच्या इलाम जिल्ह्यातल्या नमुन्यांवरून ‘टायलोटोट्रायटॉन हिमालयानस’ या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. इलामला लागूनच दार्जिलिंग. मध्ये सरहद्द आहे ती माणसांची.

वेगळेपण ठरवताना शरीराकडे पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं? या प्राण्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गाठींची एकेक ओळ असते, मधोमध कण्यावरून एक खडबडीत कड जाते आणि डोक्यावर हाडांचे उंचवटे असतात. बाजूच्या गाठी नुसत्या चामड्याच्या नाहीत. प्रत्येक गाठ साधारण एकेका बरगडीच्या टोकावर बसलेली असते आणि तिच्यात विषग्रंथी असतात. त्यामुळे गाठी मोजणं म्हणजे एका अर्थाने बाहेरून बरगड्या मोजणं. हिमालयानसमध्ये ही संख्या प्रत्येक बाजूला सोळाच्या आसपास सांगितली आहे. शिवाय त्याची शेपूट बुडापासून टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी चपटी असते आणि तिच्या कडेला खाच नसते.

मोजणी ऐकायला सोपी वाटते, पण चुका इथेच होतात. मागच्या पायाजवळच्या शेवटच्या दोन-तीन गाठी बारीक असतात, कधी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंची संख्या नेहमी जुळतेच असं नाही. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून दोन्ही आकडे लिहायचे, सरासरी काढायची नाही. शंका असेल तर एक्स-रे काढून बरगड्या असलेले मणके मोजायचे. संग्रहालयातला जुना नमुना न फाडता आतून पाहायचा असेल तर मायक्रो-सीटी, म्हणजे बारकाईचा त्रिमितीय एक्स-रे, उत्तम. त्यात कवटीच्या कडांचा आकारही कळतो.

हाडं मोजून जाती ओळखण्याचा उत्तम नमुना युरोपातल्या तुरेवाल्या न्यूटचा, म्हणजे ट्रायट्युरस गटाचा आहे. तिथे बरगड्यांच्या मणक्यांची संख्या जातिगटागणिक ठरलेली आहे : मार्मोराटस गटात साधारण १२, कारेलिनाय गटात १३, कार्निफेक्समध्ये १४, क्रिस्टाटसमध्ये १५ आणि डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातल्या डोब्रोजिकसमध्ये १६ ते १७. मणके वाढले की धड लांबतं आणि पाय आखूड दिसतात. याच गोष्टीवर वोल्टरस्टॉर्फ यांनी १९२३ मध्ये एक निर्देशांक बसवला : पुढच्या पायाची लांबी भागिले पुढच्या आणि मागच्या पायांमधलं अंतर, गुणिले शंभर. पाय १८ मिलिमीटर आणि अंतर ३६ मिलिमीटर असेल, तर निर्देशांक ५०. मात्र माद्यांचं धड नरांपेक्षा लांब असतं, त्यामुळे त्यांचा आकडा त्याच जातीच्या नरांपेक्षा खाली येतो. नर-माद्या एकत्र करून सरासरी काढली की एका जातीची मादी दुसऱ्या जातीच्या नराच्या रांगेत जाऊन बसते. म्हणून लिंग आधी ठरवायचं. विणीच्या काळात नराच्या अवस्करद्वाराचा (मलमूत्र आणि प्रजननाचं एकच द्वार) भाग फुगलेला असतो, त्यावरून ते कळतं.

मापं घ्यायची ती डिजिटल कॅलिपरने, ०.१ मिलिमीटरपर्यंत. मुस्कटापासून अवस्करद्वारापर्यंतची लांबी हे मूळ माप. पण द्वाराच्या पुढच्या कडेपर्यंत की मागच्या? काही संशोधक एक धरतात, काही दुसरी. विणीच्या काळात द्वार फुगलेलं असलं तर दोहोंमध्ये काही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि लहान प्राण्यात तेवढ्यावर निष्कर्ष फिरू शकतो. कोणती कड धरली ते तक्त्याखाली लिहिलं नाही, तर तो तक्ता दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही. मग डोक्याची लांबी आणि रुंदी, नाकपुड्यांमधलं अंतर, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंतचं अंतर, दोन्ही पाय, काख ते जांघ, शेपटीची लांबी आणि सर्वांत जास्त उंची. प्रत्येक माप तीनदा, आणि शक्यतो कोणता प्राणी कुठला हे मापं घेणाऱ्याला माहीत नसावं. ‘हा नेपाळचा’ हे आधीच ठाऊक असलं की हात आपोआप हवा तो आकडा आणतो. निव्वळ मापांची तुलनाही करू नये. मोठ्या प्राण्याचं सगळंच मोठं असतं. धडाच्या लांबीशी प्रमाण काढून, किंवा लॉगरिदम घेऊन आकाराचा परिणाम वजा करून मगच जाती शेजारी ठेवायच्या.

रंगावर भरवसा ठेवायचा असेल तर प्राणी जिवंत असताना. नारिंगी रंग अल्कोहोलमध्ये काही महिन्यांत फिका पडतो, पुढे पिवळट-पांढरा होतो; मग तपकिरी आणि नारिंगी जातींचे जुने नमुने बरण्यांत एकसारखेच दिसतात. अल्कोहोलमध्ये शरीर आक्रसतंही. ताज्या आणि चाळीस वर्षं बरणीत पडून असलेल्या नमुन्यांची मापं एकाच तक्त्यात घातली तर जातीऐवजी बरणीचं वय मोजलं जातं. डिंभक अवस्थेत, म्हणजे पाण्यातल्या पिल्लांना, तर गाठी नसतातच. तिथे डीएनएशिवाय गत्यंतर नाही.

डीएनएसाठी शेपटीच्या टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो. न्यूटची शेपूट परत वाढते. तोंडाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या पेशीही चालतात, मात्र त्यातून डीएनए कमी मिळतो. तुकडा ताबडतोब ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये टाकायचा. इथेनॉल तुकड्याच्या दहापट तरी हवं, नाहीतर तुकड्यातल्याच पाण्याने ते पातळ होतं. फॉर्मलिनमध्ये चुकूनही नाही, त्याने डीएनएचे धागे एकमेकांत अडकून बसतात. पूर्ण नमुना ठेवायचा असेल तर आधी तुकडा घ्यायचा, मग शरीर फॉर्मलिनमध्ये घट्ट करून ७० टक्के इथेनॉलमध्ये. हा क्रम उलटा झाल्याने वाया गेलेले नमुने कुठल्याही जुन्या संग्रहात सापडतील. प्रत्येक प्राण्यामागे हातमोजे नवे, कात्री-चिमटा निर्जंतुक. याचं कारण नुसता स्वच्छतेचा सोस नाही. २०१३ मध्ये ओळखली गेलेली बीसॅल ही सॅलमँडरांची त्वचा खाणारी बुरशी आशियातून युरोपात पोहोचली आणि तिथल्या फायर सॅलमँडरांना तिने झोपवलं. ती आणि तिची बेडकांवरची बहीण, दोघी ओल्या हातमोज्यावरून, जाळ्यावरून, बुटाच्या चिखलातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

प्रयोगशाळेत प्रोटिनेज-के हे प्रथिनं तोडणारं विकर घालून ५६ अंशांवर रात्रभर ठेवलं की ऊतक विरघळतं. मग डीएनए वेगळा करून पीसीआर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. या गटात तंतुकणिकेतलं (पेशीला ऊर्जा पुरवणारा, स्वतःचा डीएनए असलेला भाग, मायटोकाँड्रिया) एनडी-२ हे जनुक जास्त वापरतात, सुमारे १,०४१ अक्षरांचं (डीएनएच्या घटकांना इथे अक्षरं म्हटलं आहे), जोडीला १६-एस हे दुसरं जनुक. साधारण ९४ अंशांवर अर्धा मिनिट, ५० ते ५५ अंशांवर अर्धा मिनिट, ७२ अंशांवर एक मिनिट, अशी ३५ आवर्तनं. सोबत डीएनए न घातलेली एक नळी हवीच. तिच्यातही पट्टा उमटला तर सगळा संच फेकून द्यायचा, ‘थोडंसंच दूषित आहे’ अशी समजूत घालायची नाही. क्रम दोन्ही दिशांनी वाचायचा.

पुढची फसगत मराठीतच काय, इंग्रजीतही क्वचित कुणी उघड बोलून दाखवतं. तंतुकणिकेच्या जनुकांच्या जुन्या, निकामी नकला केंद्रकातल्या डीएनएमध्ये शिरून बसलेल्या असतात. न्यूटचा जनुकसंच (जीनोम) अवाढव्य आहे. स्पेनकडच्या प्लुरोडेलिस न्यूटचा सुमारे २० अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या सहापटीहून जास्त. नकला दडायला जागाच जागा. पीसीआरने खऱ्या जनुकाऐवजी नक्कल उचलली तर जातींच्या वंशवृक्षावर एक खोटी ‘नवी जात’ उगवते. ओळखायचं असं : एनडी-२ च्या क्रमाचं प्रथिनात भाषांतर करून पाहायचं. मध्येच थांब-संकेत आला तर ती नक्कल असण्याची शक्यता मोठी. मात्र भाषांतर पृष्ठवंशी प्राण्यांच्या तंतुकणिकेच्या संकेतसूचीने करायचं. नेहमीच्या सूचीत टीजीए हा तीन अक्षरांचा संकेत म्हणजे ‘थांब’, तंतुकणिकेत तोच ट्रिप्टोफॅन हा प्रथिनाचा घटक. संगणकावर चुकीची सूची निवडली की चांगला क्रमही नक्कल वाटतो आणि विद्यार्थी तो टाकून देतो.

मग अंतर. दोन क्रम शेजारी लावून किती अक्षरं वेगळी ते पाहायचं; १,०४१ पैकी ५२ वेगळी म्हणजे सुमारे ५ टक्के. बेडकांच्या अभ्यासातून आलेला ‘१६-एस मध्ये ३ टक्के फरक असेल तरच वेगळी जात’ हा ठोकताळा या न्यूटांना लावू नये. त्यांच्यात हे जनुक संथपणे बदलतं आणि सर्वमान्य जातींमधलं अंतरही त्याखाली येतं. आणि आलेला क्रम जागतिक जनुकपेढीत टाकून जे पहिलं नाव वर येईल ते लिहून मोकळं होणं ही तर सर्वांत वाईट सवय. हिमालयातला क्रम २०१५ पूर्वी जमा झालेला असेल तर तो जुन्याच नावाने असू शकतो. पाळीव प्राण्यांच्या बाजारातून आलेल्या नमुन्याला तर ठिकाणच नसतं. ठिकाण नसलेल्या क्रमावर जात ठरवू नये.

या गटातली खरी गंमत पुढेच आहे. नुसबॉम, ब्रॉडी आणि यांग यांनी १९९५ मध्ये युनानमधल्या भडक नारिंगी गाठींच्या न्यूटला ‘शानजिंग’ अशी वेगळी जात केलं आणि तपकिरी तो व्हेरुकोसस असं ठरवलं. नजरेला हा भेद लख्ख आहे, लहान मूलही दोघांना वेगळं काढेल. पण तंतुकणिकेच्या जनुकांत व्हेरुकोसस आणि शानजिंग एकमेकांच्या इतके जवळ निघाले की शानजिंग ही वेगळी जात आहे की नाही यावर वाद झाला. उलट युनानचा तपकिरी आणि हिमालयाचा तपकिरी एकाच नावाखाली शतकभर सुखाने नांदले आणि जनुकं पाहिल्यावर स्पष्ट वेगळ्या शाखांवर गेले. म्हणजे डोळ्यांनी जिथे भिंत पाहिली तिथे ती जेमतेम होती, आणि जिथे होती तिथे कुणी पाहिलीच नाही.

यावरून ‘मग डीएनएच खरा, शरीर सोडा’ असं म्हणणारे असतात. आमचं मत तसं नाही. तंतुकणिकेचा डीएनए फक्त आईकडून येतो. दोन जातींचा पूर्वी कधी संकर झाला असेल तर एका जातीच्या शरीरात दुसऱ्या जातीची तंतुकणिका राहू शकते. कार्पेथियन पर्वतातल्या लिसोट्रायटॉन मोंटँडोनाय या न्यूटचं तसंच झालं आहे. त्याचा मूळ तंतुकणिका-डीएनए पूर्णपणे जाऊन शेजारच्या व्हल्गॅरिस न्यूटचा आला आहे. शरीर आणि केंद्रकातली जनुकं मात्र त्याची स्वतःचीच. केवळ एनडी-२ वर निकाल द्यायचा ठरवला असता तर मोंटँडोनाय ही जात कागदावरून पुसली गेली असती. म्हणून केंद्रकातली अनेक, एकमेकांपासून स्वतंत्र जनुकं पाहावी लागतात. जनुकसंच एवढा मोठा असल्याने तो सगळा वाचणं महाग पडतं, तेव्हा निवडक तुकडे गळाला लावून तेवढेच वाचतात. जनुकं, हाडं, जिवंतपणीचा रंग आणि ठिकाण हे चारही एकाच बाजूला बोट दाखवू लागले की मग नाव द्यावं. दोनच दाखवत असतील तर थांबावं. नवी जात जाहीर करायची घाई आपल्याकडे हल्ली फार वाढली आहे, हे सह्याद्रीतल्या बेडकांवर काम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

‘एकमेव’ शब्दाचा निकाल यातूनच लागतो. मणिपूरमधल्या झाईमेंग सरोवरावरून अलीकडे ‘टायलोटोट्रायटॉन झाईमेंग’ ही आणखी एक जात वर्णिली गेली आहे. ईशान्येतल्या इतर ठिकाणांहून ‘व्हेरुकोसस’ म्हणून नोंदलेले सगळे न्यूट आता ठिकाणागणिक पुन्हा तपासावे लागतील.

कायद्याच्या बाजूनेही नावाला महत्त्व आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या अनुसूचीत हिमालयन न्यूटपुढे ‘व्हेरुकोसस’ हेच शास्त्रीय नाव होतं. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराने २०१९ मध्ये शहाणपण केलं : जातीजातीची नावं न घालता टायलोटोट्रायटॉन ही अख्खी प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) परिशिष्ट दोनमध्ये घातली. सरहद्दीवरच्या तपासनिसाला बरगड्या मोजत बसायला नको, आणि उद्या एका जातीच्या तीन झाल्या तरी यादी शिळी होत नाही. आपल्या याद्यांतही हीच पद्धत असावी.

आपले वाचक सुट्टीत दार्जिलिंगला जातात, त्यांच्यासाठी थोडं. जोरपोखरी हे १९८५ पासून या न्यूटसाठी राखलेलं इवलंसं अभयारण्य आहे, सुखियापोखरीजवळ. प्राणी बाहेर दिसतो तो पावसाळ्याच्या सुमारास. डिसेंबरात जाऊन ‘काहीच नव्हतं’ असं लिहू नये. दिसला तर हात लावायचा नाही. विनापरवाना पकडणं गुन्हा आहे आणि त्याच्या त्वचेतलं विष डोळ्यांना झोंबतं. उपयोगी पडतील असे फोटो चार : बरोबर वरून, पाठीच्या दोन्ही ओळींतल्या सगळ्या गाठी मोजता येतील असा, डाव्या आणि उजव्या कुशीचा एकेक, शेपटीसह, आणि डोक्याचा जवळून. फ्लॅश टाळावा, ओल्या त्वचेवर तो चमकतो आणि गाठी दिसेनाशा होतात. तारीख आणि जागा लिहावी. लेखासोबतचा फोटो तिरका, समोरून घेतलेला आहे. त्यात मागच्या निम्म्या गाठी दिसतच नाहीत. ठिकाण जोरपोखरी आहे एवढ्याच आधारावर आम्ही खालचं नाव सुचवत आहोत.

दुरुस्ती छापायची असेल तर ती अशी असावी : ‘छायाचित्रातील प्राणी हिमालयन न्यूट, टायलोटोट्रायटॉन हिमालयानस, २०१५ पूर्वी त्याला टायलोटोट्रायटॉन व्हेरुकोसस म्हणत. या प्रजातीच्या एकाहून अधिक जाती भारतात आहेत.’

आपले,
प्राणिशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे